लाल मीठ

सोमवार, बुधवार, शुक्रवार
बेनिग्नो अगपालोचा डावा दंड माझ्या ताब्यात.
कोपराच्या वर, जिथे शीर आणि धमनी एकत्र शिवलीय,
तिथे स्टेथोस्कोप टेकवला की आत भुंगा गुणगुणतो.
"आज कुठली पट्टी?" तो विचारतो.
मी म्हणते, काळी दोन. माझं पेटीचं शिक्षण दोन महिन्यांचं.
"म्हणजे उतरली," म्हणतो, आणि चार तास डोळे मिटतो.
यंत्र त्याचं रक्त धूत बसतं.
खिडकीबाहेर कोंबड्या.
काउआईवर कोंबड्या कुणाच्याच नसतात.

या शुक्रवारी मात्र तो टक्क जागा.
उद्या हनापेपेचा उत्सव, आणि पुआनानी म्हणते, नाही.
पुआनानी त्याची मामेबहीण, चाळीस वर्षं हुला शिकवते.
पार्किंगमध्ये गाडीला टेकून मलाच सुनावून गेली होती:
"आमच्या हातांना शब्द असतात, नर्सबाई.
हा पाऊस, हा डोंगर, ही वाट पाहणारी.
हा सॅक्सोफोन घेऊन गावाबाहेर निघून जातो,
तिथे मी पोरींच्या हातात काय देऊ?"
मी नर्स नाही, तंत्रज्ञ आहे.
पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

शनिवारी मैदानभर ताडपत्र्या.
माझ्याकडे सोडतीची तिकिटं:
पहिलं बक्षीस बर्फाची पेटी, दुसरं डुक्कर, जिवंत.
बासवर मेडेरोस, एरवी शाळेची बस चालवतो,
ड्रमवर त्याची सून, सातव्या महिन्यातली.
नऊ पोरी अनवाणी, मनगटांना नेच्याची कडी,
गळ्यात चाफा, ज्याला इथे चाफा म्हणत नाहीत.
हल्ली मीही म्हणत नाही.

पुआनानी शेवटी आली कशी, कुणी बोललं नाही.
मांडीशी वाळका भोपळा घेऊन बसली,
तळहातानं ठोका दिला: धप्, टक् टक्.
गाणं साधंच. मिठागरातल्या बाईचं,
भरतीच्या आत जिला टोपली भरायचीय.
बेनी ओळ वाजवायचा, हात ती ओळ सांगायचे.
मग तो निघालाच,
झुलत्या पुलावरून, लाल मातीतून, भलतीकडे,
तबल्याला न जुमानता एखादा गवई भटकतो ना,
आणि आपण मांडीवर बोटं मोजतो, तसा.
मी मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा,
सम आली.
बेनी आला नाही.

तो श्वास माझ्या ओळखीचा होता.
अंगात साठलेलं पाणी माझ्या वहीत आहे, किलोत.
सॅक्सोफोन ओठांपासून बोटभर दूर,
पोरींचे हात हवेत, लाटेवर,
पुढचा शब्दच नाही. कमरा तेवढ्या चालू.
लोकांना वाटलं, असंच बसवलंय. एकानं शिट्टी मारली.

पुआनानीनं भोपळा खाली ठेवला.
ड्रमवरचा ब्रश फिरत राहिला,
पोळपाटावरचं पीठ झटकावं तसा.
ती उठली, आणि गाण्यात नसलेली खूण केली:
उजवा तळवा डाव्या दंडावर, कोपराच्या वर,
मान तिरकी. ऐकतेय.
एकेका पोरीनं तेच केलं.
कधी पाहिलं हिनं हे?
ही तर पार्किंगच्या आत कधी आली नाही.

मग एक सूर, बारीक, काळी दोनच्याही खालचा,
उशिरा,
पण पडला तो बाईच्या टोपलीतच.

डुक्कर पाद्रीबाबांना लागलं.

सोमवारी वजन दोन किलो जास्त. मी रागावले.
"उशीर झाला का मला?" त्यानं विचारलं.
दोन किलो, मी म्हटलं.
त्यानं खिशातून पुडी काढली:
मिठागराचं लाल मीठ, जे विकत नाहीत, नुसतं देतात.
त्याला स्वतःला चिमूटभर चालत नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ज्यानं खाल्लंच नाही त्यानं कशाला जागावं,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.
पुडी एप्रनमध्ये टाकली,
दंडावर स्टेथोस्कोप टेकवला.
"कुठली पट्टी?"
थांब जरा, म्हटलं. ऐकू दे.